मला मावशी म्हणायचं

गेल्या आठवड्यात पुतळा समितीची माणसं माझ्या दुकानात आली. खुर्च्या दोनच, त्यामुळे तिसरा खुशाल लेसच्या खोक्यावर बसला आणि मी हां हां म्हणेपर्यंत खोकं चेपलं. प्रश्न काय, तर बाईंच्या कुठल्या हातात बंदूक दाखवायची. म्हटलं, कुठल्या बाईंच्या? "अहो, तुमच्या मातोश्रींच्या!" बंदूक कसली डोंबलाची! जन्मभर शिवणकाम केलं तिने. बंदूक एकदाच हातात घेतली होती, तीसुद्धा विजारींच्या गठ्ठ्यात गुंडाळून या टोकाची त्या टोकाला पोचवायला, आणि तेवढ्यानेही तिचे पाय लटलट कापत होते. कात्री दाखवा, मी म्हटलं. तर म्हणे कात्री लांबून दिसत नाही. मग तुमच्या मनाला येईल ते दाखवा बापडे, माझं खोकं तेवढं भरून द्या.

पण ते गेल्यावर मला चैन पडेना. उद्या हे लोक तिला पाच हात उंच करून चौकात उभी करतील आणि येणारे-जाणारे म्हणतील, काय धीराची बाई होती! धीराची होती, नाही कोण म्हणतंय? पण झुरळ दिसलं की टेबलावर चढायची. घोरायची अशी, की खालच्या मजल्यावरचा न्हावी तक्रार घेऊन यायचा. तिचं खरं काय ते एकदा सांगून टाकावं म्हणते.

आधीच स्पष्ट करते, म्हणजे पुढे गोंधळ नको. जिने मला जन्म दिला तिला मी मावशी म्हणते. जिला आई म्हणते ती तिची धाकटी बहीण. हे असं उलटं का झालं, तीच तर सगळी गोष्ट आहे.

मावशीचा नवरा, म्हणजे माझे वडील, रेल्वेत सिग्नलवर होते. युद्ध पेटलं, परक्यांचं सैन्य शहरात शिरलं, आणि थोड्याच दिवसांत कुणीतरी रात्रीतून रूळ उखडले. कुणी उखडले ते सापडेना, म्हणून त्या पाळीवरची होती नव्हती ती सगळी माणसं त्यांनी मालधक्क्याच्या भिंतीशी उभी केली. मी तेव्हा धरून धरून चालायला लागले होते. आई सांगायची की मावशी रडली नाही. तिने घर धुवायला काढलं. भिंती, दारं, खिडक्यांच्या कड्या, सगळं घासलं. आणि हात सोलवटले तेव्हा थांबली.

मग ती मला काखेत मारून धाकट्या बहिणीकडे आली. आईचं लग्न नुकतंच झालेलं, नवरा जहाजावर गेलेला, तो गेला तो गेलाच. तिचं बटणं-दोऱ्यांचं छोटंसं दुकान, तेच हे. मावशीने मला गल्ल्याशेजारी ठेवलं आणि म्हणाली, "ही आजपासून तुझी. मी हिची मावशी. कुणी विचारलं तर मला मूलबाळ नाही." आई म्हणाली, "अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" त्यावर मावशी म्हणाली, "मी काय करणार आहे ते तुला माहीत नाही अजून. मला धरलं तर ते हिला माझ्यासमोर आणतील. मग मी सगळं ओकेन."

इतकं साधं होतं तिचं गणित. ती कुणी वाघीण-बिघीण नव्हती. आपलं दुखरं कुठे आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि ते तिने माझ्या आईच्या दुकानात लपवून ठेवलं.

शाळेची इमारत परक्यांनी ताब्यात घेतली होती आणि तिथे सैन्याचे कपडे दुरुस्त करायचा कारखाना थाटला होता. वर्गांमधले बाक काढून लांबलचक टेबलं मांडली, फळ्यांना खिळे ठोकून त्यावर कोट टांगले. मावशी तिथे कामाला लागली. दिवसभर मशीनची खडखड, ओल्या लोकरीचा कुबट वास, इस्त्रीची वाफ. शेजारची बाई काय म्हणते ते ओठ बघून समजून घ्यायचं. त्या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, म्हणून अधिकाऱ्यांचे कपडे तिच्याकडेच यायचे.

आणि कपडे बोलतात हो. कोटांना जाड अस्तर लावायला आलं की समजायचं, ही पलटण थंड मुलखात निघाली. विजारींच्या गुडघ्यांना विटेचा लाल चिखल असला की यांनी भट्ट्यांकडची शोधाशोध केलेली, तिथे आता कुणाला लपवायचं नाही. खांद्यावरच्या पट्ट्या बदलायला आल्या की वरचा साहेब बदलला. हे सगळं ती डोक्यात ठेवायची. कागदाचा कपटासुद्धा नाही. बाकी तिचे उद्योग वेगळेच. साध्या शिपायांच्या विजारी ती कुजक्या दोऱ्याने शिवायची. कोरड्या असेतो ठणठणीत, एकदा भिजल्या की मागची शिवण उसवलीच! अख्खी पलटण नदी ओलांडून पलीकडे गेली ती मागे हात धरून, असं ती हसत हसत सांगायची. खरं-खोटं तिचं तिला माहीत. पण सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं हसून.

कारखान्यात दोरा-बटणं कमी पडली की ती आमच्या दुकानात यायची. त्या निमित्ताने सगळी बातमी आईला सांगायची, आणि आई ती पुढे पोचवायची. दुकानात गिऱ्हाईक असलं तर बोलायची रीत ठरलेली. "पक्का रंग दे गं, गेल्या वेळचा उतरला," म्हणजे एका ठिकाणाहून माणसं हलवा. "दोरा कच्चा निघाला," म्हणजे कुणीतरी फितूर झालंय, काही दिवस गप्प बसा. आमच्या मागच्या गल्लीत छापखाना होता. त्याच्या तळघरात माणसं लपलेली असायची, कधी पोराबाळांसकट. तिथली वाट दोघांनाच माहीत होती, मावशीला आणि छापखान्याच्या मालकाला. आईलाही तिने सांगितली नव्हती.

तर अशी ती दर दोन-चार दिवसांनी यायची आणि काउंटरच्या अलीकडे मी बसलेली असायचे, बटणं निवडत. दोन भोकांची वेगळी, चार भोकांची वेगळी. मला ती आवडायची. तिच्या पर्समध्ये लिंबाच्या गोळ्या असत. पण गोळी सुखासुखी मिळायची नाही. ती वाकून हळूच म्हणायची, "मला आई म्हण, मग देते." मी सुरुवातीला म्हणायचे. लगेच गोळी पर्समध्ये परत! "नाही. मला मावशी म्हणायचं. काहीही झालं, कुणीही विचारलं, कितीही गोड बोललं, तरी मावशी." मग पुन्हा, "आई म्हण, दोन देते." मी मान हलवून म्हणायचे, "मावशी." तेव्हा गोळी मिळायची. आई सांगायची, की मी पहिल्यांदा न चुकता मावशी म्हटलं त्या दिवशी ती मागच्या पडद्याआड गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आईने आत जाऊन विचारलं, "काय झालं?" तर म्हणे, "काही नाही. पोरगी हुशार आहे."

मी चांगली पाचेक वर्षांची झाले आणि तेव्हाच कुणीतरी फुटलं. कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही. फुटलेल्या माणसाला मावशीचं नाव-गाव माहीत नव्हतं, एवढंच नशीब. त्याने सांगितलं ते इतकंच, की बातम्या कपड्याच्या कारखान्यातून जातात, बाई विधवा आहे, आणि तिला एक लहान मुलगी आहे जी तिने कुठेतरी ठेवलीय. झालं! कारखान्यातल्या ज्या ज्या बाईला मुलगी, तिला तिला चौकशीला नेलं. काही जणी परत आल्या, दोघी आल्या नाहीत. मावशीला मूल नाही असं सगळे सांगत होते, म्हणून ती तेवढ्यापुरती वाचली. तरी तिने दुकानात यायचं थांबवलं नाही. एकदम थांबवलं असतं तर तेच डोळ्यांवर आलं असतं.

कारखान्यावर एक कप्तान होता. दिसायला नीटनेटका, इस्त्रीची घडी मोडली की ज्याचा दिवस खराब जातो असा. एके दिवशी दुपारी तोच मावशीला घेऊन दुकानात आला. बटणं स्वतः बघून घेतो म्हणाला. बरोबर दुभाष्या. हा दुभाष्या आपल्यातलाच, पूर्वी शाळेत परकी भाषा शिकवायचा. लोक त्याची पाठ वळली की थुंकायचे.

आई शिडीवर चढली होती, वरच्या फळीवरून खोकी काढत. सुतळी सोडायची म्हणून तिने ती दातांत धरलेली. मावशी काउंटरला टेकून उभी. मी नेहमीसारखी खालचे खण उघडत होते. आमचा तळचा खण जड आहे, आजही आहे, झटक्यात मिटतो. त्यात माझी बोटं सापडली.

मी केकाटले, "आई गंऽ!"

आईच्या दातांत सुतळी. तिला तोंड उघडायला वेळ लागला. आणि मावशी म्हणाली, "ओ!"

एवढंच. एक अक्षर. तोंडातून निसटून गेलं. तीन वर्षं गोळ्या देऊन देऊन तिने मला पक्कं केलं होतं, मी तिला चुकूनही आई म्हटलं नव्हतं. पण ओ देऊ नको असं तिला स्वतःला कुणी शिकवलं नव्हतं. शिकवणार तरी कोण?

कप्तानाला आपली भाषा येत नव्हती, पण 'आई' शब्द त्याला कळत होता. इतक्या बायकांची चौकशी केल्यावर तेवढा कळणारच. त्याने दुभाष्याला काहीतरी विचारलं. दुभाष्याने समजावून सांगितलं, हातवारे करून. पुढे खूप वर्षांनी त्यानेच मला सांगितलं तो काय बोलला ते. म्हणाला, "साहेब, आमच्याकडे दुखलं खुपलं की सगळेच 'आई गं' म्हणतात. माझ्या आजोबांची दाढ काढली तेव्हा तेही म्हणाले, आणि त्यांची आई तेव्हा केव्हाच मातीला मिळालेली." कप्तान म्हणाला, "आणि या बाईने उत्तर दिलं त्याचं काय?" दुभाष्या म्हणाला, "लेकरू ओरडलं की जवळची बाई ओ देते. त्यात काय एवढं?"

कप्तानाला पटलं असावं, पण पुरतं नाही. त्याने हातमोजे काढून काउंटरवर ठेवले, एकावर एक, नीट. मला उभं केलं. माझा डावा हात धरला आणि मागे पिळला. पिळता पिळता तो माझ्याकडे बघतच नव्हता. तो त्या दोघींकडे बघत होता.

पुढचं मला स्वच्छ आठवतं. काय वाटेल ते विसरेन, हे नाही विसरायची. आई शिडीवरून उतरली नाही, तिने उडीच मारली. खोकी कोसळली, बटणं सगळ्या जमिनीवर. तिने कापड मोजायचा लाकडी गज उचलला आणि कप्तानाच्या खांद्यावर हाणला. "मेल्या, सोड माझ्या पोरीला!" ती किंचाळत होती. मी ओरडत होते. आणि मावशी जागची हलली नाही. हातात बटणांची पिशवी तशीच. ती दुभाष्याकडे वळून म्हणाली, "साहेबांना विचारा, काळी संपलीत. तपकिरी चालतील का?"

माझ्या हातात काडकन आवाज झाला तो त्यानंतर.

कप्तानाने मला सोडलं. आईच्या थोबाडीत अशी मारली, की ती काउंटरवर आपटली. पण तो हसत होता. त्याचं समाधान झालं होतं. आई कोण ते त्याला दिसलं होतं ना! दुभाष्या म्हणाला, "तपकिरी चालतील." मावशीने पिशवी भरून घेतली आणि त्यांच्या मागून निघून गेली. दारातून वळून पाहिलंसुद्धा नाही.

हाडवैद्याने हात बसवला, पण वाकडाच बसला. अजूनही डावा कोपर पुरता सरळ होत नाही, कापड मोजताना मला अंगच वळवावं लागतं. त्या दिवसानंतर मावशी दुकानात आली नाही. बातम्या दुसऱ्या वाटेने जायला लागल्या. तळघरातली माणसं एकेक करून सुखरूप बाहेर पडली. कारखाना चालत राहिला आणि विजारी उसवत राहिल्या.

युद्ध संपलं, परके गेले, रस्त्यावर लोक कुणालाही मिठ्या मारत होते. त्याच गडबडीत मावशी आली. अंगावर धड कपडा नव्हता, पण माझ्यासाठी नवा फ्रॉक शिवून आणलेला. डावी बाही जरा सैल ठेवली होती, हात घालायला त्रास नको म्हणून. आईने मला पुढे घेतलं, सांगितलं, "बाळा, ही तुझी खरी आई. तुला न्यायला आलीय." युद्ध संपलं की मला परत द्यायचं, असं दोघींचं ठरलं होतं ना!

मी आईच्या मागे गेले. तिचा पदर घट्ट धरला. म्हटलं, "ही नाही. ही नुसती बघत उभी होती."

आई चिडली. "अगं, तिने का केलं ते तुला..." तर मावशीने तिला हाताने थांबवलं. "खरं बोलतेय ती. उभी होते." तिने फ्रॉक काउंटरवर ठेवला, घडी घालून, आणि गेली.

मला परत मिळवायचं म्हणून ती युद्धभर तगली होती, हे मला आईने पुढे कितीदा तरी सांगितलं. आणि मी तिच्या हाती लागले नाही. मग तिने काय करावं? दुसऱ्या गावी जाऊन नवं आयुष्य काढावं, पुन्हा लग्न करावं. तिला मागण्या आल्या होत्या की! सरकारात नोकरी देत होते. पण नाही. बाईसाहेबांनी आमच्याच गल्लीत चार घरं सोडून माडीवर एक खोली घेतली. खाली न्हावी, वर ही. मशीन, इस्त्रीचं टेबल, गिऱ्हाइकांसाठी उभा आरसा, एक पलंग. उसवलेलं शिवून द्यायची, कोटांच्या कॉलर उलटून द्यायची. सरकारने पदक दिलं ते तिने टाचण्यांच्या डबीत टाकलं. मी दुकानातून तिच्याकडे दोरे पोचवायचे आणि "मावशी, दोरे!" म्हणून दारातूनच परत फिरायचे. ती म्हणायची, "ये ना आत." मी म्हणायचे, "आई वाट बघतेय." रोजचं ठरलेलं.

गल्लीत मात्र तिला कजाग म्हणून ओळखत. कुणी आपल्या पोराला फटका मारला की ही खिडकीतून ओरडायची. नुसती ओरडून थांबली तर शपथ! जिना उतरून खाली यायची, आईबापांशी कचाकचा भांडायची. एकदा शाळेत जाऊन तिने मास्तरांची छडी मोडली. बायका वैतागून म्हणायच्या, "हिला पोर ना बाळ, हिला काय कळतंय?" आणि मी ते दुकानात बसून ऐकायचे.

माझ्या लग्नाचं बघायला लागले होते त्या सुमाराची गोष्ट. दुभाष्या दुकानात आला. युद्धानंतर त्याने तुरुंग पाहिला, शाळेत कुणी परत घेतलं नाही, घरोघर जाऊन घड्याळं दुरुस्त करायचा. त्याच्या कोटाला बटणं हवी होती आणि दोन दुकानांनी त्याला हाकलून दिलं होतं. मी ओळखलं त्याला. हात शिवशिवला माझा, तोच डावा. पण त्याने आधी माझ्या कोपराकडे पाहिलं आणि खाली मान घातली.

"मला त्याच क्षणी कळलं होतं," तो म्हणाला.

"काय कळलं होतं?"

"तुझी आई कोण ते. अगं, लहान पोरीचा हात कुणी पिळतोय म्हटल्यावर रस्त्याने जाणारी बाईसुद्धा म्हणेल, अहो, सोडा हो लेकराला. गिऱ्हाईक असेल तरी म्हणेल, शेजारीण असेल तरी म्हणेल. आपल्या बायका गप्प बसतात का कधी? ती एकटी गप्प बसली. म्हटलं, हीच. ही एक शब्द बोलली तर पुढचं सगळं तोंडातून बाहेर पडेल, म्हणून ही बटणांचं बोलतेय. कप्तान परका. त्याला वाटलं, हलली ती आई."

"मग सांगितलं का नाहीत त्याला?"

"म्हटलं ना, तपकिरी चालतील म्हणून," तो म्हणाला.

मी त्याला बटणं दिली, दुकान आईवर सोडलं आणि तरातरा मावशीचा जिना चढले. दारात थांबले नाही, सरळ आत गेले. ती एका कोटाची शिवण उसवत बसली होती. माझ्याकडे बघून घाबरलीच. "काय गं, बहिणीला काही झालं का?"

"दुभाष्या आला होता."

"जिवंत आहे अजून? बटणं दिलीस ना त्याला?"

"दिली. मला एक सांग. तो आणखी पिळत राहिला असता तर तू काय केलं असतंस?"

तिने कात्री खाली ठेवली. मग म्हणाली, "हाड मोडलेलं मी ऐकलं. मनात म्हटलं, आता सोडेल. मग म्हटलं, आता तरी सोडेल."

"आणि नसतं सोडलं तर?"

"छापखान्याखाली माणसं होती. त्यात तुझ्याएवढी पोरं होती. मला नेलं असतं तर मी बोलले असते. मला माझं माहीत आहे ना!"

"म्हणजे?"

"म्हणजे मी हलले नसते." तिने हे माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं. "त्याने तुला मारून टाकलं असतं तरी. म्हणून तर पुन्हा तुला मागायला आले नाही. कुठल्या तोंडाने येणार?"

माझा असा संताप झाला म्हणून सांगू! इतकी वर्षं मला वाटत होतं की तिला माझं काही नाही. आणि ही बाई चार घरांवर बसून स्वतःला शिक्षा देत होती. गल्लीतल्या प्रत्येक पोरासाठी भांडत होती, आणि माझ्यासाठी एक जिना उतरवत नव्हता तिला!

"कुठल्या तोंडाने म्हणजे? आहे ते तोंड घेऊन यायचं!" मी ओरडले. खालचा न्हावी नक्की ऐकत असणार, ऐकू दे. "मी नाही म्हटलं तेव्हा मी एवढीशी होते. एवढ्याशा पोरीचं ऐकतं का कुणी? एकदा नाही म्हटलं म्हणून पुन्हा विचारलंच नाहीस? रोज मी दारात येत होते. रोज!"

"काय विचारायचं होतं?"

"माझ्याकडे राहायला येतेस का, असं. आणखी काय?"

मशीनवरचा कोट घसरून खाली पडला, तिने उचलला नाही. तिचे ओठ हलत होते. बॉम्ब पडताना जिने विजारी शिवल्या तिला तेवढे चार शब्द जमत नव्हते. शेवटी अगदी हळू म्हणाली, "येतेस का?"

आणि मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "आईला विचारून येते."

बोलून गेले आणि जीभ चावली. तिचा चेहरा क्षणभर उतरला. मग ती हसायला लागली. हसता हसता रडायला लागली, आणि मी तिला जवळ घेतलं तर केवढीशी होती ती, काठीसारखी. "जा, जा," ती म्हणाली. "विचारून ये. न विचारता आलीस तर ती माझा जीव घेईल."

मी दुकानात आले. आई दोऱ्यांची रिळं लावत होती. मी सगळं सांगितलं. ती पाठमोरीच राहिली. "तिने स्वतः विचारलं?"

"हो."

"तोंडाने?"

"हो गं."

आई स्टुलावर बसली. मला वाटलं रडणार. पण ती उठली, आत गेली, माझ्या अंथरुणावरची उशी घेऊन आली आणि माझ्या हातात दिली. "मग जा की. मला कशाला विचारतेस? तिची मुलगी आहेस तू." मी उशी घेऊन दारापर्यंत गेले, तर तिने मागून हाक मारली. उशी माझ्याकडून परत घेतली, जुना अभ्रा ओढून काढला, कपाटातला धुतलेला घातला, चारही कोपरे ओढून ओढून नीट केले. पुन्हा पुन्हा नीट केले. उशी सोडायचं नाव नाही.

"मळका अभ्रा घेऊन गेलीस तर ती मला नावं ठेवेल," ती म्हणाली.